तिसऱ्या मजल्यावरची माणसं

रकाना १ : पत्ता

सुट्टीचा दिवस होता. सूनबाई नुकतीच न्हाऊन आली होती आणि सासूबाई दारात बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होत्या. तेवढ्यात आरोग्य खात्याची पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि नेमकी त्यांच्याच दारापुढे थांबली. चार माणसं उतरली. चौघांच्या तोंडाला मास्क, एकाच्या पाठीवर फवारणीचा पंप. चौघांनी आधी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग घराकडे, मग घराच्या वर.

"तिसरा मजला कुठाय?" पंपवाल्याने विचारलं.

सासूबाईंनी मान वर केली. घर बसकं, एकमजली. वर पत्रा आणि पत्र्यावर एक कावळा.

"तो कावळा दिसतोय ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या वर बघा."

आत सूनबाईच्या हातातला कंगवा जागच्या जागी थांबला. तिसरा मजला हे शब्द कानावर पडले आणि पुढचं कुणी सांगायची गरजच उरली नाही. कारण तो मजला तिनेच चढवला होता. त्याखालचे पहिला-दुसराही तिनेच. शिवाय मागे एक स्वतंत्र दाराची खोली काढली होती आणि जिन्याखाली एक पोटमाळा. विटा लागल्या नाहीत, गवंडी लागला नाही. छातीच्या दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीमागे खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर, दोन वर्षांत हे सगळं बांधकाम झालं होतं.

रकाना २ : सुरुवात केव्हा झाली

ती त्या दवाखान्यात नोंदणी कारकून. काचेला अर्धगोल भोक. पलीकडून माणूस बोलणार, अलीकडून ती टाइप करणार. नाव, वय, खोकला किती दिवसांपासून, आणि पत्ता. पत्त्याचा रकाना रिकामा राहिला की त्याच्याभोवती लाल रेघ उमटायची आणि पुढचं पान उघडायचं नाही. पान नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर टीबीच्या गोळ्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पत्ता सांगायला काय जातं? ज्याला पत्ता आहे त्याचं काहीच जात नाही. पण एक म्हातारा रखवालदार होता, लिफ्टच्या वरच्या खोलीत झोपणारा. इमारतीचा पत्ता दिला तर चौकशीला माणूस येणार, इमारतीत बभ्रा होणार आणि रखवालदाराची वळकटी रस्त्यावर येणार. तो दोनदा पत्त्यापाशी आला आणि "उद्या सांगतो" म्हणून परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने तोंडावर धरलेल्या फडक्यावर लाल ठिपके होते. सूनबाईने त्या फडक्याकडे पाहिलं, लाल रेघेकडे पाहिलं, आणि बोटांनी तिला न विचारता तिच्याच घराचा पत्ता लिहून टाकला.

पान उघडलं.

मग ही बातमी कर्णोपकर्णी गेली. खानावळीत भांडी घासणारी आली, सामानाचे ट्रक धुणारा आला. कुणाला घरमालकाची भीती, कुणाला मुकादमाची, कुणाकडे कागदच नव्हते. एकाच पत्त्यावर सहावा रुग्ण आला तेव्हा कॉम्प्युटरने "तपासा" म्हटलं. तिने पहिला मजला चढवला. कॉम्प्युटर गप्प बसला. तिला वाटलं, निस्तरलं.

एवढंच असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण गोळ्या चुकवणाऱ्याला दवाखान्यातून पत्र जायचं, आणि ही पत्रं अर्थातच तिच्या घरी यायला लागली. मग दर रविवारी एकेक माणूस दारात येऊन हळूच विचारायचं, "माझं काही आलंय का?" सासूबाईंना तिने सांगून ठेवलं होतं की ऑफिसचं काम आहे. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या, आणि वर ऐकवायच्या की तुझ्या ऑफिसला स्वतःची पेटी लावायला काय होतं.

रकाना ३ : घरातील एकूण माणसं

पथकाच्या प्रमुख म्हणजे साथरोग अधिकारी. सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणत. बांधा लहानखुरा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आवाज असा की खिळा ठोकतायत. त्या अंगणातच खुर्चीवर बसल्या आणि सासूबाईंना प्रश्न विचारू लागल्या.

घरात माणसं किती, तर तीन. मुलगा बसच्या कारखान्यात मेकॅनिक, सून आणि मी. कागद म्हणतो अडतीस. सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटा करून पाहिला. "अहो, एक पाहुणा आला तर माझा मुलगा पाय दुमडून झोपतो. अडतीस माणसं मी ठेवू कुठे, डब्यात?"

खोल्या किती, खिडक्या किती, दोन अंथरुणांमध्ये अंतर किती. कुणाला खोकला?

"मला," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाईला यायला उशीर झाला की."

पथकात एक नकाशावाला होता. त्याने हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर शहराचा नकाशा दाखवला. सगळीकडे मोहरीएवढे लाल ठिपके आणि या गल्लीवर मात्र वाटीएवढा डाग. असा डाग शहरात दुसरा नाही, असं त्याने जवळजवळ अभिमानानेच सांगितलं. आजवर कुणी पाहायला का आलं नाही, तर घरभेटी देणाऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी होती. आता हुकूम निघाला होता. घर रिकामं करायचं, फवारायचं, घरातल्यांना इस्पितळात देखरेखीखाली ठेवायचं, गल्लीतल्या सगळ्यांच्या छातीचा फोटो काढायचा. शेजारच्या शिंप्याने तोवर खिडकी लावून घेतली होती आणि मग काही दिसेना म्हणून पुन्हा बोटभर उघडली होती.

हे सगळं सूनबाई दाराआडून ऐकत होती. फवारणी, इस्पितळ, नोकरी गेली तर गेली, इथवर तिने मनाची तयारी करत आणली होती. मग मॅडमचं पुढचं वाक्य आलं: या पत्त्यावर जे रुग्ण सापडणार नाहीत त्यांची नोंद आजच रद्द होईल.

नोंद रद्द म्हणजे गोळ्या बंद. अडतीसपैकी एकोणतीस जण बरे होऊन गेले होते, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. नऊ जणांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांतला एक फरशी बसवणारा. सहा महिन्यांपैकी चार त्याने पार पाडले होते, अंगावर पुन्हा मांस धरत होतं. अर्ध्यात गोळ्या सुटल्या तर रोग उलटतो, आणि उलटला की त्याच गोळ्यांना दाद देईलच असं नाही. हे तिने चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या तोंडाने त्याला सांगितलं होतं. काचेच्या भोकातून, बोट नाचवून.

ओले केस तसेच घेऊन ती अंगणात आली.

"मॅडम," ती म्हणाली, "तिसरा मजला मी चढवला."

रकाना ४ : संपर्कातील व्यक्ती

तिने सगळं सांगितलं. दहा मिनिटं लागली. नकाशावाल्याचा चेहरा असा झाला की कुणी त्याच्या पाटीवर पाणी ओतलंय. पंपवाल्याने पंप खाली ठेवला. मोठ्या मॅडम चष्मा काढून नुसता पुसत राहिल्या.

बोलल्या त्या सासूबाई.

"म्हणजे ती रविवारची माणसं," त्यांनी विचारलं, "त्यांना टीबी होता?"

सूनबाईने घाईघाईने सांगितलं की गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका बहुतेक जातो, घाबरायचं कारण नाही.

"पण पत्र तर गोळ्या चुकवणाऱ्यालाच यायचं ना?"

दोन वर्षांत हा हिशेब तिने स्वतःशीसुद्धा केला नव्हता.

"त्यांना चहा द्यायला माझी ना नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारलं का नाहीस? घर माझंही आहे."

लोकरीचा गुंडा तिथेच टाकून त्या आत गेल्या. त्या गेल्या हे सूनबाईला फवारणीच्या हुकमापेक्षा जास्त लागलं.

~~रकाना ५ : घरमालकाचा दाखला~~

(खोडला आहे. का, ते पुढे येईल.)

रकाना ६ : उपचार पूर्ण केले का

मॅडम उठल्या. खोटी नोंद ती खोटी नोंद, असं त्यांनी खिळा ठोकून सांगितलं. तुमच्यामुळे आम्ही इथे रोग शोधत बसलो आणि तो भलतीकडेच आहे, हे कळतंय का तुम्हाला? सूनबाईला कळत होतं. तिने मान खाली घातली.

तेवढ्यात नकाशावाला पाटीवर बोट फिरवत स्वतःशीच म्हणाला, हे काय. मग मॅडमना म्हणाला की शहरात चारातला एक रुग्ण अर्ध्यात गोळ्या सोडतो. या डागातल्या अडतीसांपैकी एकानेही सोडलेल्या नाहीत.

"पत्र मिळायचं ना त्यांना," सूनबाई पुटपुटली. "हातात."

मॅडम परत बसल्या. मग म्हणाल्या की आज नोंद रद्द करत नाही. गुरुवारी दवाखान्यात त्या नऊ जणांना माझ्यासमोर आणा. जो येईल तो खरा. दवाखाना एकला बंद होतो, तोवर जो येणार नाही त्याची नोंद मी खोडणार. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही.

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. पण ही कारकून होती. कागदाची किंमत तिला ठाऊक होती.

"आल्यावर तुम्ही त्यांना काय विचारणार?"

"खोकला आहे का. गोळ्या घेता का."

"आणि कुठे राहता?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"घरमालक कोण, कागद कुठेत, मुकादम कोण, हे विचारणार?"

"नियमाने विचारावं लागतं."

"मग कुणी येणार नाही मॅडम. मी जाऊन सांगेन, ते हो म्हणतील, आणि रात्रीतून दुसऱ्या गावी जातील. खोकत." तिने पथकाच्या दप्तरातला नोंदणीचा एक कोरा अर्ज काढून पुढे केला. "विचारणार नाही, असं लिहून द्या."

"तुमच्या नोकरीचं काय होणार, ते आधी विचारा."

"ते नंतर विचारते. आधी हे."

मॅडमनी अर्ज हातात घेतला. त्यावर एक रकाना छापलेला होता : घरमालकाचा दाखला. त्यांनी तो आडव्या रेघेने खोडला आणि खाली लिहिलं की तपासणीला येणाऱ्या कुणालाही राहण्याची जागा, मालक वा कागदपत्रं यांबद्दल विचारलं जाणार नाही, आणि आजाराची माहिती त्याच्या परवानगीशिवाय मालकाला, मुकादमाला वा शेजाऱ्याला सांगितली जाणार नाही. खाली सही, तारीख, हुद्दा.

"झालं समाधान?"

"शिक्का," सूनबाई म्हणाली.

शिक्का गाडीत होता. पंपवाला आणायला धावला.

रकाना ७

तीन दिवस ती पायपीट करत होती. खानावळीचं मागचं दार, ट्रक धुण्याची जागा, लिफ्टच्या वरच्या आणखी दोन खोल्या. प्रत्येकाला कागदाची एकेक प्रत दिली. प्रत्येकाने ती दोनदा वाचून घेतली आणि चार घड्या घालून खिशात टाकली.

फरशीवाला एका अर्धवट इमारतीत सापडला, चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात. उकिडवा बसून फरशीवर रबरी हातोडीने टकटक करत होता आणि आवाजावरून खाली पोकळी राहिली का ते ऐकत होता. काम न थांबवता त्याने कागद वाचून दाखवायला सांगितला.

"ही सही ज्या बाईंची, त्यांची उद्या बदली झाली तर?"

"मी आहे ना खिडकीत."

"तुम्हालाच काढलं तर?"

तिने सरळ सांगितलं, की माहीत नाही. त्याने पुढची फरशी उचलली, खाली सिमेंटचा मसाला पसरला, फरशी बसवली, ठोकली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी खोकलं, सुका, खोलवरून येणारा खोकला. दोघांनीही तो ऐकला.

"बघतो," तो म्हणाला.

बघतो हा शब्द तिने खिडकीतून हजारदा ऐकला होता. म्हणणारा माणूस सहसा परत दिसत नसे.

गुरुवार

(याला रकाना नाही.)

आठ वाजता भांडीवाली आली. पदराआड कागद होता, तो तिने आधी मॅडमना दाखवला, मग तोंड उघडलं. नऊला दोघं. साडेदहापर्यंत सहा झाले. प्रत्येकजण आत जाताना आखडलेला आणि बाहेर येताना जरा गोंधळलेला, कारण खरंच काही विचारलं नव्हतं.

बाकावर सासूबाईही होत्या. त्यांच्या, त्यांच्या मुलाच्या आणि सुनेच्या छातीचे फोटो त्याच सकाळी काढले होते. तीन दिवस त्या सुनेशी कामापुरतंच बोलत होत्या : मीठ दे, दार लाव. आता शेजारी ट्रक धुणारा येऊन बसला, त्याने ओळखून मान लववली. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं की गोळ्या का चुकवल्यास रे तेव्हा. तो म्हणाला की उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं. मग तसं सांगायचं, त्या म्हणाल्या, नुसता चहा पिऊन जायचास, काही खाऊनही गेला असतास.

बाराला फोटोंचे निकाल आले. तिघांचीही फुफ्फुसं साफ. सूनबाईने भिंतीला पाठ टेकली. दोन वर्षं आपण श्वास अर्धाच सोडत होतो असं तिला वाटलं.

सासूबाई निकालाचा कागद घेऊन सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेल्या. "तुमच्या त्या कागदावर माझंही लिहा," त्या म्हणाल्या. "कुणाच्याही घरात आजारी माणूस येणार असेल तर घरच्यांना आधी विचारायचं. मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायचं."

मॅडमनी लिहिलं. सूनबाईने ते वाचलं, आणि सासूबाईंनी ती वाचते आहे ना ते पाहिलं. बस्स, तेवढ्यावर त्यांचं मिटलं.

सव्वाबाराला सातवा, साडेबाराला आठवा. मग कुणीच नाही. मॅडमनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सूनबाई दाराशी जाऊन आली, परत गेली. एकला पंधरा कमी. दहा कमी. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं तेव्हा त्यांनाही ते जड जात होतं, पण हात तर चालतच होता.

जिन्यावर पावलं वाजली. एका माणसाची नव्हती ती.

फरशीवाला आत आला आणि त्याच्यामागून आणखी पाचजण. गुडघ्यापर्यंत सिमेंट, केसांत धूळ. पाचांतला एकजण दाराची चौकट धरून खोकत होता. तोच तो, शेजारच्या खोलीतला.

"उशीर झाला," फरशीवाला म्हणाला. "यांना कागद वाचून दाखवला. म्हणाले, खरं आहे का बघून ये, मग आम्ही येतो. म्हटलं, आत्ताच चला सगळे. खोटं निघालं तर एकत्रच पळू."

मोठ्या मॅडम हसल्या. तिथल्या कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे क्षणभर सगळे घाबरलेच.

दवाखाना त्या दिवशी एकला बंद झाला नाही.

रकाना ८ : शेरा

थुंकीच्या तपासण्या आल्या. पाचांपैकी तिघांना टीबी निघाला. तिघंही चार-पाच महिन्यांपासून खोकत होते, एकाच खोलीत झोपत होते, आणि नकाशावर त्यांचा मोहरीएवढाही ठिपका नव्हता. नकाशावाला दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग स्वतःहून येऊन त्याने विचारलं की त्या कागदाच्या आणखी प्रती कुठे मिळतील.

सूनबाईच्या फायलीत सक्त ताकीद लागली. खोटी नोंद पुन्हा केल्यास कामावरून कमी करण्यात येईल. तिने खाली सही केली, कारण ताकीद बरोबरच होती. नऊही जणांच्या नोंदी तिने मॅडमसमोर बसून दुरुस्त केल्या. एकेक करून मजले उतरले. अर्ज बदलायला पुढे दोन महिने गेले, तीन सह्या आणि एक बैठक लागली. आता पत्त्याच्या जागी विचारतात, निरोप कुठे पोचवायचा. कुणी न्हाव्याचं दुकान सांगतं, कुणी बहिणीचा फोन. एकाने सांगितलं, चौकातल्या घड्याळाखाली, सकाळी सातला. तिने तसंच लिहिलं. पान उघडलं.

फरशीवाल्याचे सहा महिने भरले त्या दिवशी तो खिडकीशी आला. हातात शेवटच्या तपासणीचा कागद. तिने तो वाचला, शिक्का मारला आणि भोकातून परत दिला. तो तिथेच उभा. मागे रांग होती, मागच्या बाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"पुढची तारीख?" त्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे कधी येऊ?"

"येऊ नका," ती म्हणाली.

त्याला काही कळेना. त्याने कागद उलटा करून पाहिला, मागे कुठे तारीख लिहिलेली आहे का म्हणून.

"खरंच नको?"

"खरंच नको. बरे झालात तुम्ही."

तो दोन पावलं गेला, थांबला, परत वळून काचेपाशी आला आणि हसला. मग मागच्या बाईंना म्हणाला, या, पुढे या, आणि रांगेतून निघून दाराबाहेर गेला.